श्रीरामपूरचे सहा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक परिपाठ या शाळेने अजून सोडलेला नाही. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येकाने निरोपापूर्वी दोन कागद लिहून द्यावयाचे. एकावर शाळेच्या आठवणी आणि दुसऱ्यावर पुढचा बेत. मुख्याध्यापकांनी या वर्षीचे कागद मला पुण्याला पाठविले व व्याख्यानाचा विषय त्यांतूनच काढावा असे सुचविले. पाकिटावर 'सुरंगी' हे गावाचे नाव वाचताच, दक्षिण कोकणात आजोळ असलेल्या मला, प्रथम आठवला तो आजीच्या अंबाड्यातला सुरंगीचा वळेसर. मग पाकीट फोडले आणि दोन दिवस तुमच्या अक्षरांत रमलो.

आठवणींचे कागद दोन्ही बाजूंनी भरलेले आहेत. पावसात वर्गात शिरलेले पाणी आहे, सहलीची बस आहे, गणिताच्या बाईंचा दरारा आहे, डब्यातल्या भाकरीची पुरीशी केलेली अदलाबदल आहे. बेताचे कागद मात्र बहुतेक कोरे. 'इंजिनिअर', 'सी. ए.', 'स्वतःचा व्यवसाय'. एकाने तर 'कॅनडा' एवढा एकच शब्द लिहून खाली सही ठोकली आहे! मला हसू आले. पण दोष त्या मुलाचा नाही. १९६५ साली जुन्या अकरावीच्या निरोपसमारंभात मलाही उभे करून विचारले होते आणि मीही एकाच शब्दात 'डॉक्टर' असे उत्तर देऊन टाळ्या घेतल्या होत्या. झालो तो मराठीचा प्राध्यापक, आणि नावामागे 'डॉक्टर' लागले ते प्रबंधामुळे. 'कोण होणार?' असे विचारले की एका शब्दाचेच उत्तर येणार. का, कुठे, कोणाबरोबर, कोणाच्या खर्चाने, परत येणार की नाही, आणि बेत फसला तर काय, असे कोणी विचारतच नाही.

हे सारे प्रश्न एका मराठी मुलीला एकदा विचारले गेले होते आणि तिने भर सभेत उभे राहून एकेकाचे उत्तर दिले होते. त्या सभेची हकीगत हाच आजचा विषय. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्हांला ठाऊक आहे. त्यांचे आयुष्य कादंबरीत आले, रंगमंचावर आले, पडद्यावर आले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' १९६८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि ती आम्ही रडत रडत वाचली. त्या रडण्याविषयी मला पुढे काही कबूल करावयाचे आहे.

स्थळ श्रीरामपूर. आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. हे बंगालमधले, हुगळीच्या काठचे, इंग्रज ज्याला सेरामपूर म्हणत ते. गोपाळराव जोशी टपालखात्यात होते. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशी बदल्यांची गावे करीत हे जोडपे बंगालपर्यंत पोहोचले होते. बायकोला शिकवायचेच या ध्यासाने गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना मिशनऱ्यांशी जो पत्रव्यवहार केला, तो अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला; न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. एका परक्या बाईला मासिक चाळण्याइतका वेळ मिळाला, म्हणून पुढचे सारे घडले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

मुलगी एकटी अमेरिकेस जाणार ही वार्ता फुटली आणि गदारोळ उठला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. म्हणजे त्या दिवशी अठरावे वर्ष पुरे व्हायला बरोबर पाच आठवडे कमी होते. इथे समोर बसलेल्या मुलामुलींचे जे वय, तेच. पण नवव्या वर्षी लग्न झालेले, आणि चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेलेला.

लोक आपल्याला काय विचारतात, याची त्यांनी सहा प्रश्नांत मांडणी केली. मी अमेरिकेस का जाते? शिकण्याची सोय हिंदुस्थानात नाही काय? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील, त्याचे काय? तिथे काही अरिष्ट ओढवले तर काय करशील? आणि आजवर कोणा बाईने जे केले नाही, ते तूच का करावेस?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ होते: वैद्यक शिकण्यासाठी. पुरुष वैद्याला अंग दाखविण्यापेक्षा बाया मरण पत्करतात, म्हणून बायकांना बाई डॉक्टर हवी. इथे देशप्रेमाचे फुलोरे नाहीत. गरज काय आणि ती कोणाची, एवढेच सांगितले आहे. तिसऱ्याचे उत्तर तर घरखर्चाच्या वहीतून काढल्यासारखे आहे. गोपाळरावांवर घरच्या माणसांचा भार होता, आणि दोघांच्या प्रवासाची व राहण्याची तोंडमिळवणी होणारी नव्हती. बेतात पैशाचा हिशेब सांगायला आपण लाजतो. ही मुलगी लाजली नाही. चौथ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पाचव्यावर त्यांनी फार वेळ घालविला नाही; अरिष्ट यायचे तर ते घरीही येते. सहाव्याला मात्र त्यांनी मोठे उत्तर दिले. व्यक्तीच्या श्रमावर समाजाचा हक्क असतो, आणि एखादे काम करण्याजोगे असेल तर ते पूर्वी कोणी केले नाही हे ते न करण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय.

मला सर्वांत अधिक विचार करावयास लावतो तो दुसरा प्रश्न. इथे सोय नाही काय? आनंदीबाईंचे उत्तर होते: माझ्यासारखीसाठी नाही. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण होते, काही ठिकाणी सुईणपणाचे वर्ग होते. पण ते अपुरे, आणि जी ना ख्रिस्ती ना ब्राह्मो अशा हिंदू विवाहितेला तिथे निभाव लागणे कठीण. नुसते रस्त्याने चालले तरी लोक भोवती जमतात, हसतात, टोमणे मारतात, हेही त्यांनी सभेत सांगितले. उत्तर त्या दिवशी खरे होते. पण पाहा, इतिहास कसा चालतो. ज्या कलकत्त्याच्या बंदरातून ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंची आगबोट सुटली, त्याच कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून कादंबिनी गांगुली यांनी १८८६ साली वैद्यकाची अर्हता मिळविली. आणि १८८६ हेच आनंदीबाईंच्या पदवीचेही वर्ष. बंद दार त्यांच्या पाठीमागे लगेच किलकिले झाले होते. म्हणून आनंदीबाईंचे गणित चुकले असे मी म्हणणार नाही. बंद दाराशी किती दिवस उभे राहावयाचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि दोघींचे ठरविणे आपापल्या जागी योग्य होते.

४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. या कॉलेजातले एक छायाचित्र आता जगभर प्रसिद्ध आहे. तारीख १० ऑक्टोबर १८८५. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात शेजारी शेजारी: नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. आजकाल शाळेच्या कमानीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द रंगवून घेण्याची चढाओढ आहे. सिल्वासाच्या रस्त्यानेही मी तो येताना दोन-तीनदा वाचला. फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजच्या नावात असा काही शब्द नव्हता. आत मात्र तीन देशांच्या मुली एकाच टेबलाशी शवविच्छेदन शिकत होत्या.

त्या तिघींचे पुढचे बेत काय झाले, हे विचारण्याजोगे आहे. ओकामी १८८९ साली पदवीधर झाल्या आणि टोकियोला परतून जिकेई रुग्णालयात काम करू लागल्या. पुढे सम्राट मेइजी यांची रुग्णालयास भेट ठरली, तेव्हा स्त्री-डॉक्टरने स्वागत करू नये असे ठरविले गेले. ओकामींनी राजीनामा दिला आणि स्वतःचा दवाखाना चालविला. शिक्षण पूर्ण झाले, पदवी मिळाली, नोकरीही मिळाली, आणि तरी दारात कोणीतरी उभे होतेच. इस्लामबुलींची पदवी १८९० ची.

आता आठवणींकडे येतो. तुमच्या कागदांवर एकही कडू आठवण नाही, हे मी पाहिले. निरोपाच्या वेळी तसे लिहिण्याची रीत नाही, हे मी जाणतो. पण आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आपल्या विद्यार्थिदशेची आठवण काढली आहे, ती अशी: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी झालेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी टाकून देण्याच्या धमक्या. तुमचे वागणे बरे होते की वाईट, हे ठरविणे अवघड आहे, असे त्या लिहितात. ज्याच्यामुळे आपण इथवर आलो त्याचे ऋण त्या नाकारीत नाहीत आणि माराची आठवणही पुसून टाकीत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात इतकी स्थिर बुद्धी मला फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

आणि कबुली ती हीच. तीसएक वर्षे मी महाविद्यालयात आनंदीबाई शिकविल्या. दरवर्षी वर्ग रडत असे आणि आपला तास रंगला म्हणून मी समाधानाने स्टाफरूममध्ये परतत असे. हे पत्र मला ठाऊक होते. मी ते कधी वाचून दाखविले नाही. विक्षिप्त पण थोर नवरा आणि त्यागी पत्नी या चित्रात ते बसत नव्हते. निवृत्तीच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, "सर, त्यांचा प्रबंध कशावर होता?" मला तत्क्षणी सांगता आले नाही. मृत्यूची तारीख तोंडपाठ होती, अखेरच्या आजाराचे वर्णन तोंडपाठ होते; जे काम करण्यासाठी त्या समुद्र ओलांडून गेल्या, त्या कामाचे नाव मात्र मी विसरलो होतो. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. पण आधीच्या वर्गांना जाऊन सांगणे आता शक्य नाही, म्हणून इथे सांगतो.

प्रबंध होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. आपल्याकडचे जुने वैद्यकग्रंथ आणि अमेरिकेत शिकलेले शास्त्र, दोन्ही समोर ठेवून लिहिलेला. इथेही पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशी त्या इमान राखून आहेत. ज्या बायकांसाठी निघाल्या त्यांच्याच बाळंतपणाचा विषय त्यांनी परदेशात बसून निवडला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. पंडिता रमाबाई समारंभास उपस्थित होत्या. त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानाकडून बोलावणे आले: आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी. ज्या गावातून शिक्षणासाठीचे पहिले पत्र गेले होते, त्याच गावी डॉक्टर म्हणून परतण्याचा हा योग होता.

तोवर क्षयाने त्यांना ग्रासले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस पोहोचल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. श्रीरामपूरच्या भाषणाला चार वर्षे आणि दोन दिवस झाले होते. रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठविण्यात आली; न्यूयॉर्क राज्यात पौकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिच्यावर दगड उभा आहे. इथे माझा तास संपत असे आणि डोळे पुसले जात. पण बेत तिथे संपला नव्हता. कोल्हापूरच्या त्याच रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी वर्षानुवर्षे काम केले. आणि रखमाबाई राऊत! बालपणीचे लग्न मानावयाचे नाकारून साऱ्या देशात खळबळ उडविणाऱ्या रखमाबाई लंडनला वैद्यक शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. परतल्यावर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ स्त्रियांचे रुग्णालय चालविले ते सुरतेत. पुढे त्या राजकोटला गेल्या. सुरत इथून काही लांब नाही. सकाळी निघालात तर रात्री घरी जेवायला परत याल.

मात्र रखमाबाई सुरतेत बाळंतपणे करीत होत्या तेव्हा हा मुलूख परक्या राज्यात होता. १७८३ ते १७८५ या काळात नगर हवेली आणि दादरा पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १९५४ पर्यंत. २१ जुलै ते २ ऑगस्ट १९५४ या दिवसांत दादरा, नरोली आणि सिल्वासा कसे मुक्त झाले, सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी त्यात कशी होती, वरिष्ठ पंचायतीने सात वर्षे कारभार कसा पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात कसा आला, हे तुम्हांला दरवर्षी २ ऑगस्टला सांगितले जाते. मी त्यात एका आकड्याची भर घालतो. मुक्तीनंतर सतरा वर्षांनी, १९७१ च्या जनगणनेत, इथे शंभरांतली फक्त पंधरा माणसे साक्षर होती. म्हणजे इथल्या बहुसंख्य वारली, कोकणा, धोडिया घरांत पुढचा बेत लिहावयाचा कागदच नव्हता. २०११ साली शंभरांतली शहात्तर माणसे साक्षर झाली. स्त्रियांचा वेगळा आकडा मात्र चौसष्टच. आणि आज समोर मुलींच्या रांगा मुलांइतक्याच भरलेल्या दिसतात, याचा मला झालेला आनंद त्या आकड्यासकट आहे.

तुमच्या कागदांमध्ये एक बेत असा आहे, ज्याने मला हे व्याख्यान सुचविले. खानवेलकडच्या एका मुलीने संपूर्ण पान लिहिले आहे. नाव मी घेणार नाही. तिच्या परवानगीने सांगतो. तिच्या आईचे एक बाळंतपण पावसात, रस्ता बंद असताना, घरीच झाले. मूल राहिले नाही. मुलीला वैद्यक शिकावयाचे आहे. जमले नाही तर परिचारिकेचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. बाबांची शेती किती, घरात खाणारी तोंडे किती, वसतिगृहाला किती लागतील, हे तिने आकड्यांसह मांडले आहे. आणि शिकायला ती सिल्वासालाच जाणार आहे. विनोबा भावे रुग्णालयाशी जोडलेली नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था २०१९ साली सुरू झाली. श्रीरामपूरच्या दुसऱ्या प्रश्नाला आनंदीबाईंनी जे 'नाही' म्हटले होते, तिथे या मुलीला 'आहे' असे लिहिता आले. प्रवेश मिळणे सोपे नाही. स्पर्धा मोठी आहे आणि इंग्रजीची धास्ती तिने स्वतःच नोंदविली आहे. तिने आनंदीबाईंचे भाषण वाचलेले नाही, असे मुख्याध्यापक म्हणाले. मी तिच्यासाठी प्रत आणली आहे.

आता 'कॅनडा'वाल्या मुलाविषयी. त्याच्या शब्दाला मी आरंभी हसलो. नंतर त्याचा आठवणींचा कागद पुन्हा वाचला. त्याचे वडील इथल्या एका कारखान्यात आहेत. घर ओडिशात, जन्म सिल्वासात, घरात ओडिया, गल्लीत हिंदी, मित्रांत गुजराती आणि मराठी. १९६१ साली या मुलखाची लोकसंख्या सुमारे अठ्ठावन्न हजार होती. २०११ साली ती तीन लाख त्रेचाळीस हजारांवर गेली. करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून माणसे आली. या वाढीत अशी हजारो घरे आहेत. आनंदीबाईंना परतावयाचे कुठे हे ठाऊक होते; त्यांना अडवणारे लोकही ठाऊक होते आणि वाट पाहणारेही. या मुलाने परत यावे असे मी म्हटले, तर कुठे? वडिलांच्या गावी, जिथे तो फक्त सुट्टीत गेला आहे? की इथे, जिथे त्याचे घर भाड्याचे आहे आणि वडील निवृत्तीनंतर राहतीलच असे नाही?

श्रीरामपूरच्या सहा प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. त्या सभेतल्या कोणाच्या मनात तो येणे शक्यही नव्हते. काल संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्ही दोघे तासभर बसलो होतो. त्याने माझ्याकडून आपला कागद परत मागून घेतला, आणि आज सकाळी आणून दिला. 'कॅनडा' हा शब्द तसाच आहे. त्याच्याखाली दुसऱ्या पेनाने दीड पान लिहिलेले आहे. ते वाचून दाखविण्याची परवानगी मात्र त्याने मला दिलेली नाही.